शालनची किंकाळी

“मॅडम, ती पहिली किंकाळी बदलून टाका. मागं पाऊस नुसता खरखरतोय,” मुंबईचे साहेब फोनवर म्हणाले.

“बदलणार नाही,” मी म्हटलं. “अख्ख्या सिनेमात तेवढीच एक गोष्ट खरी आहे.”

मी साउंडवाली. जुन्या सिनेमांचा आवाज धुऊन-पुसून देते. साताऱ्यात घराच्या माडीवर माझा स्टुडिओ आहे. हा सिनेमा स्लॅशर जातीचा. म्हणजे एक मुखवटेवाला, त्याच्या हातात कोयता, आणि एकेक करून मरणारी कॉलेजची पोरं. सांगलीत शिकत असताना मी तो मैत्रिणींबरोबर पाहिला होता आणि निम्मा वेळ ओढणीत तोंड खुपसून बसले होते. आता साहेबांची कंपनी तो मोबाईलवर आणणार होती.

इतक्या वर्षांनी बघताना आधी हसूच आलं. मुखवटा शिमग्यातला, पुठ्ठ्याचा. महाबळेश्वरच्या बंगल्यात माणसं मरताहेत आणि ही शहाणी पोरं एकेकटी परसात जातात! कथा म्हणाल तर शून्य. पण पहिला खून आला आणि मी खुर्चीत ताठ झाले. मोलकरीण झालेली मुलगी स्वयंपाकघरात चहा टाकते, गाळते, कपबशा पुसते. कितीतरी वेळ काहीच घडत नाही. आजचा एडिटर हे सगळं कापून टाकेल. मग ती दार उघडते आणि किंचाळते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

एक मात्र खटकलं. मुलीचं बोलणं एका गळ्यातलं, किंकाळी दुसऱ्याच. मी दिग्दर्शकांना फोन लावला. आता ते खूप थकलेत.

“तुमचे कान शाबूत आहेत हो,” ते म्हणाले. “शालन नाव तिचं. आटपाडीकडची. शूटिंग संपलं आणि काविळीनं गेली पोर. डबिंग राहिलं होतं.”

डबिंग म्हणजे संवाद नंतर स्टुडिओत बसून पुन्हा बोलायचे. शालन नव्हती, म्हणून ते पुण्याच्या एका मुलीनं बोलून दिले. तिला ती किंकाळी काही केल्या जमेना. शेवटी शूटिंगच्या वेळचीच ठेवली, पावसासकट.

हे सांगून मी साहेबांशी भांडले आणि जिंकले. शालनची बहीण सुमन साताऱ्यातच शिवणकाम करते, हेही दिग्दर्शकांकडून कळलं. मी मोठ्या उत्साहानं तिला निरोप धाडला: तुमच्या बहिणीचा आवाज माझ्याकडे आहे, या.

सुमन आईला घेऊन आली. काचबिंदूनं म्हातारीची नजर गेलेली. या सिनेमाचं घरात कधी नावही निघालं नव्हतं. म्हातारीच्या नवऱ्यानं ते काढूच दिलं नाही.

“आधीच सांगते मावशी, ते ओरडणं आहे हं,” मी म्हटलं.

“असू द्या. वरडंना का, तिचं हाय न्हवं?”

मी आवाज सोडला. संवाद सुरू झाले.

“ही कोण?” मावशी म्हणाल्या. “ही आमची शाली न्हवं.”

“थांबा. आता येईल.”

किंकाळी आली. मावशींनी टेबलाची कड गच्च धरली. “शाली! माझी शाली हाय ही.” सुमन तोंडाला पदर लावून रडायला लागली. मलाही आवरेना.

“ल्हान असताना हिरीत पडली हुती, तवा अशीच वरडल्याली,” मावशी म्हणाल्या. “म्या हातातली भाकरी टाकून पळाले. हितं कोण आलं तिच्याकडं?”

“मावशी, सिनेमा आहे तो. कुणी येत नाही.”

“कळतंय की बाई, येडी न्हाई मी. पर वरडणं तिचंच हाय.” मग त्यांनी विचारलं, “लोकं हे ऐकून काय करत्यात?”

खोटं कसं बोलू? “घाबरतात,” मी म्हटलं. “आणि मग हसतात.”

“मग काढा ते. सिनेमातनं काढा आन् मला द्या.”

“अहो, सगळ्या सिनेमात तेवढंच चांगलं आहे.”

“म्हणून तर म्हणतीया.”

मी साहेबांना फोन केला. “किंकाळी बदलते.”

“कमाल आहे! परवा तर कचाकचा भांडत होतात.”

“हो. आता बदलते.”

तयार आवाजांच्या साठ्यातली एक स्वच्छ किंकाळी काढली आणि बसवली. सिनेमा आला. लोकांनी खाली लिहिलं, जुना माल, भीती कसली ती वाटतच नाही. बरोबरच आहे त्यांचं. तेव्हापासून जुना सिनेमा हाती आला की मी आधी चौकशी करते, यातलं खरोखर कोण गेलंय आणि त्याच्या घरी कोण आहे. ऐकायला त्यानंतर बसते.

शालनचा आवाज सुमनच्या मोबाईलमध्ये आहे. मावशी तो लावायला कधीच सांगत नाहीत. झोपायच्या आधी तेवढं विचारतात, “हाय न्हवं त्यात?”

“हाय, आई,” सुमन म्हणते.