माणिकबाईनं सोडलेली साखर

त्या दोन-चार वर्षांत अमरावतीला साखर वाटायला फारसं निमित्त लागत नसे. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता, एवढंच लोक ऐकून होते. इथला कापूस मात्र गाडी बाजारात उभी राहायच्या आत विकला जाई. तो घेऊन मुंबईच्या वाटेला लागलेले गाडीवान परतताना मॉरिशसहून बोटीनं येणाऱ्या मोरस साखरेची पोती भरून आणत. गुळावर वाढलेल्या घरांत ही पांढरी, रेतीसारखी साखर चांदीच्या वाटीत येऊन बसली. भाव चढला, वाटा साखर. बैलजोडी घेतली, वाटा साखर. भाऊबंदाशी चाललेला दावा जिंकला, मग तर परातीनं वाटा.

आणि पहिली चिमूट माणिकबाईच्या तोंडात.

माणिकबाई माळीण. नवरा शालिकराम मळ्यात शेवंती, झेंडू आणि कडेकडेनं वांगी लावी. माणिकबाई हार-तोरणं गुंफून घरोघर पोचवी. शुभकार्याच्या दारात सगळ्यांच्या आधी तीच उभी राही, म्हणून तिचं तोंड गोड करायची रीत पडली. पुढे लोक म्हणायला लागले, माणिकनं साखर चघळली की काम फत्ते. एकेका दिवशी सात-आठ दारं होत. तिला कधी जड गेलं नाही. साखर तिला आवडतच होती. जास्तीची ती पदराच्या गाठीत बांधून आणी आणि वाटेनं चाखत येई. घरी पोचेस्तोवर गाठीत नुसता ओलसर डाग उरे.

पंचेचाळिशी उलटली आणि एका श्रावणात तिच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम भरेना. हळद झाली, एरंडाचं पान झालं, कोणाकोणाचा अंगारा झाला. शेवटी ती देवीदास वैद्याकडे गेली. वैद्यानं अंगठा पाहिला, नाडी पाहिली, तहान किती लागते ते विचारलं.

"साखर किती खातेस?"

"मी कुठं खातो जी? लोकं खाऊ घालते."

"मग लोकांना सांग, बंद करा म्हणावं. आज अंगठा आहे. असंच चाललं तर पाऊल जाईल."

"अन् गूळ?"

"गूळही सणाला नखभर. पण ती पांढरी साखर आजपासून बंद."

माणिकबाई लंगडत घरी आली. पाय गेला तर दारोदार कोण जाणार? आणि दारात जाऊन साखर नाही म्हटलं, तर पुन्हा बोलावणार कोण?

पहिल्या दिवशी तिनं उपास असल्याचं सांगितलं. घरधनीण म्हणाली, "अवं, उपासाले साखर चालते!" आणि दोन चिमटी घातल्या. दुसऱ्या दिवशी तिनं साखर गालात दाबली, कोपऱ्यावर जाऊन थुंकायची म्हणून. कोपरा यायच्या आत साखर विरघळली, आणि नेहमीपेक्षा गोड लागली. तिसऱ्या दिवशी एका दलालाच्या घरी तिनं सरळ सांगितलं, वैद्यानं मना केली आहे.

दलालाच्या बायकोनं वाटी मागे घेतली. "आमच्याच घरची बरी बाधून राहिली व तुले?"

दुसऱ्या दिवशी बाजार जरासा उतरला. खापर माणिकबाईवर फुटलं आणि त्या घरची तोरणं गोदाबाईकडे गेली. गोदाबाई नदीपलीकडची माळीण, हार सैल गुंफायची, पण साखरेला तोंड मोठं उघडायची. पंधरा दिवसांत आणखी दोन घरं तिच्याकडे गेली.

"आत्याबाई," सून कौशल्या म्हणाली, "तुमच्या बदली मी जातो नं."

"हार तं गुंफशीन व. पण अंदरून कोणी बाहीर येईस्तोवर दारात हासत उभं राहा लागते. ते जमते तुले?"

तेवढं ऐकूनही कौशल्याच्या तोंडावर हसू फुटलं नाही, यावरून माणिकबाईनं काय ते ओळखलं.

कार्तिकात खुशालराव पाटलांकडून सांगावा आला. पाटलांचं घर म्हणजे वर्षाची निम्मी तोरणं. माणिकबाई पोचली तशा पाटलीण रुख्मिणीबाई साखरेची वाटी घेऊन दारात आल्या. मागे खांबाला टेकून त्यांची लेक जमुना बसली होती. दोन लेकरं जन्मताच गेलेली, आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. पुढ्यातल्या ताटातली भाकरी तशीच होती.

रुख्मिणीबाईंनी चिमूट उचलली आणि माणिकबाईच्या डोक्याआधी तिचं तोंडच बोलून गेलं.

"साखर सोडली मी, पाटलीणबाई. तुमच्या जमुनासाठी. इचं सुखरूप होईस्तोवर शिवणार नाही."

रुख्मिणीबाईंच्या हातची वाटी लवंडली. त्यांनी माणिकबाईला टोपलीसकट कवटाळलं. जमुनानं मान वर केली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. ते पाहून माणिकबाईला इतकं अपराधी वाटलं, की ती तिथून तडक अंबादेवीच्या देवळात गेली आणि जे बोलून बसली होती ते देवीपुढेही बोलून आली.

मग काय, गावभर झालं. दलालाची बायको स्वतः मळ्यात आली. "आमच्या देराचं लगन जमून नाही राहिलं व माणिक, त्याच्यासाठीबी सोड नं." कोणी आजारी सासऱ्यासाठी सांगितलं, कोणी न व्यायलेल्या म्हशीसाठी. एकच साखर माणिकबाईनं अकरा घरांसाठी सोडली. गोडाविना पहिला महिनाभर तिची चिडचिड झाली, शालिकरामनं मुकाट मळ्यातच जेवण मागवलं. मग हळूहळू जखम सुकली, खपली धरली, पडली. गेलेली तोरणं परत आली.

पण घाईत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. नवस बोलला की तो फिटतोही, आणि अकरातला एक जरी फिटला तरी त्या घरची साखर तोंडात येणारच.

फाल्गुनात जमुनाला मुलगी झाली. लालबुंद, घर डोक्यावर घेणारी. बाराव्या दिवशी पाटलांकडून वाजंत्री घेऊन गाडी आली. माणिकबाईची साखरेनं तुला करायची, आणि रुख्मिणीबाईंच्या हातानं साखर भरवून तिचा नवस सोडवायचा!

"तू बारीक झाली ते बरं झालं," शालिकराम म्हणाला. "पाटलाची साखर वाचन."

"हासा तुमी! पाय माहा हाय."

पाटलांच्या अंगणात कापूस तोलायचा मोठा काटा टांगला होता. एका पारड्यात तिला बसवलं, दुसऱ्यात गाडीवान पोतं ओतू लागले. अर्धी अमरावती लोटली होती, गोदाबाईसुद्धा. पारडी समान झाली आणि रुख्मिणीबाई वाटी घेऊन पुढे आल्या. माणिकबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"खोटं बोललो मी, पाटलीणबाई. माहा पाय सडून राहिला होता. वैद्यानं साखर सोडाले लावली, मंग मी जमुनाचं नाव घेतलं."

वाजंत्री थांबली.

"म्हणजे देवीले बोललीच नाही तू?"

"बोललो. तुमच्या घरून निंगालो अन् तिथंच गेलो. पण पायाची धास्ती पयले होती, ते लपवत नाही. आता हे खाल्लं तं पाय जाईन. नाही खाल्लं, तं तुमी दारात उभी करणार नाही. पाय ठेवतो मी."

रुख्मिणीबाईंचा चेहरा लाल झाला. "इतक्या लोकांत सांगा लागलं? कानात नव्हतं सांगता येत?"

"कान कुठं दिला तुमी? वाजंत्रीच पाठवली!"

गाडीवान आधी हसले. पाटील हसू दाबायला मिशीवरून हात फिरवू लागले. रुख्मिणीबाई हसल्या नाहीत. तेवढ्यात दारातून, लेकराला खांद्यावर थोपटत, जमुना म्हणाली, "आई, कोणासाठी का सोडली असंना. त्या दिवसापासून माह्या घशाखाली घास उतरला. बारशाचं तोरण मले माणिकमावशीच्याच हातचं पायजे."

रुख्मिणीबाईंनी वळून नातीकडे पाहिलं. मग वाटी त्यांनी गाडीवानाच्या हातात दिली आणि ओटीच्या ताटातलं खोबरं उचललं.

"हे चालते का तुह्या वैद्याले?"

"चालते."

"मंग आ कर. अन् पुन्हा खोटं बोलशीन तं त्या गोदाबाईले बोलावीन."

"मी आलोच हावो," गर्दीतून गोदाबाई म्हणाली. "ते साखर वाटून राहिले तं इकडं या म्हणा."

माणिकबाई खोबरं चावत पारड्यातून उतरली. तोरण अजून बांधायचं होतं, पाळण्याची वेळ होत आली होती. तिनं चौकटीशी पाट ओढला, त्यावर चढली आणि आंब्याची पानं नीट करत सोबत आलेल्या कौशल्याला हाक मारली, "सुतळी दे व इकडं. अन् हास जराशी. पाहुणे येऊन राहिले."