तेलाच्या बाईवरचा पडदा

आजच्या पेपरात वर संस्कारांवर लेख आहे, आणि त्याच्याच खाली नावापुरते कपडे घातलेली एक बाई पंखा विकतेय. पंख्याचा नि तिचा संबंध काय, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. सूनबाई म्हणाली, तुमच्या काळी असलं नव्हतं. नव्हतं कसं? निजामाच्या शेवटच्या वर्षांत लातूरच्या गंजाजवळ, म्हणजे धान्याच्या बाजारापाशी, आमच्या मुलींच्या शाळेसमोर होतं की, चांगलं भिंतभर.

केसांच्या तेलाची जाहिरात होती ती. न्हाऊन उठलेली बाई, ओलं पातळ अंगाला चिकटलेलं, आणि पायाशी करंगळीएवढी बाटली. तेल विकणारे शेठजीच आमच्या शाळेचे मुख्य पंच. भिंतीसमोर बाप्ये रेंगाळायला लागले, शिट्ट्या वाजायला लागल्या. मग पंच बसले आणि शेठजींनी निकाल दिला, की वातावरण बिघडलंय, थोराड मुलींनी शाळेत येऊ नये. बिघडवलं कुणी, बाबा? चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या! बाई भिंतीवर राहिली आणि आम्ही सातजणी घरी बसलो.

मी चौथीत होते, पण अंगानं थोराड. शाळा सुटली की लग्न, हे मला चांगलं कळत होतं. आत्यानं आठवडाभरात उदगीरचं स्थळ आणलंसुद्धा. मी लई रडले, दोन दिवस आईशी बोलले नाही.

वडील तहसील कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब. पण त्या वेळी ते तीनदा शेठजींच्या दारी गेले. तिसऱ्यांदा शेठजी वैतागले. खप वाढलाय, चित्र पुसणार नाही, म्हणाले. पण लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून त्यांनी पेंटरचाचांना बोलावलं. गावातल्या साऱ्या पाट्या हे चाचाच रंगवायचे, ती बाईही त्यांनीच काढलेली. शेठजींनी त्यांना चाचांच्याच बोलीत सांगितलं, बाईला जरा पर्दा करा. शेठजींच्या मनात होता खांद्यावरचा पदर.

चाचांनी शिडी लावली. दुपारपर्यंत भिंतीवर वरपासून खालपर्यंत जाड निळा पडदा, चुण्यांसकट. बाहेर उरली फक्त बाटली.

शेठजी लालबुंद होऊन धावत आले. चाचा ब्रश पुसत म्हणाले, "पर्दा आपणच म्हणालात, शेठजी. आमच्यात पर्दा म्हंजी पुराच असतो, अर्धा न्हाई."

सगळा गंज हसला. आता चारचौघांत बाईचा पडदा काढा म्हणायची शेठजींची सोय राहिली नाही. वातावरण लगेच सुधारलं म्हणे, आणि सोमवारी आम्हाला परत बोलावलं. उदगीरचं स्थळ वडिलांनी परत पाठवलं. पुढं मी नांदेडला शिकले, मास्तरीण झाले, माझ्या पायावर उभी राहिले. हे सारं त्या निळ्या रंगाचं देणं आहे.

त्याच सोमवारी सकाळी वडील चाचांचे आभार मानायला त्यांच्या घरी गेले होते. चाचांनी ते घेतले नाहीत. "ती बाई काढताना मी नुसते पैसे मोजले, साहेब," ते म्हणाले. "तुमची पोर घरी बसली, तवा कळलं मी काय काढलं ते."

यावर आपण काय बोललो, ते वडिलांनी कधीच सांगितलं नाही. ऐकायला मी तिथं नव्हते. मी शाळेत होते.