पारितोषिक घेताना बाई का थांबल्या

चंद्रपूरच्या त्या चित्रपट-पुरस्कार सोहळ्यात काय घडले, हे छातीठोकपणे सांगणारी माणसे आता इतकी झाली आहेत, की त्या सर्वांना खरोखरच आत घेतले असते तर सभागृहाच्या भिंती बाहेर ढकलाव्या लागल्या असत्या. मी तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथ्या खुर्चीवर होतो. ज्यांनी हा प्रसंग मोबाइलवर पाहिला, ज्यांनी वर्तमानपत्रात वाचला आणि ज्यांनी वडशाच्या चहाच्या टपरीवर ऐकला, त्यांनी माझे म्हणणे निदान एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. धानाची कापणी आटोपली की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडशाहून मंडळ्या गावोगावी निघतात. एका नाटकाला दोन तालमी मिळाल्या तर ते नशीब समजायचे. म्हणून विंगेत पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाने वाक्य आधी म्हणायचे, आणि नटाने ते असे उच्चारायचे की जणू त्याला आत्ताच सुचले. माझा आवाज नटाच्या कानापर्यंत गेलाच पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत जाता कामा नये. हे व्रत मी चाळीस हंगाम पाळले.

प्रॉम्प्टर म्हणजे वाचून दाखवणारा, असे पुष्कळांना वाटते. वाचता तर शाळेत गेलेल्या कोणालाही येते. प्रॉम्प्टरला दोन शांततांमधला फरक कळावा लागतो. नट विसरला, ही एक शांतता. नट मुद्दाम थांबला, ही दुसरी. थांबलेल्याला शब्द पुरवला तर प्रवेश मरतो आणि विसरलेल्याला पुरवला नाही तर नट मरतो. यात चूक होऊ नये म्हणून प्रत्येक नटाची माझ्याशी ठरलेली एक खूण असे. राजाचे काम करणारे एक गृहस्थ तलवारीच्या मुठीवर बोट आपटत. खलनायक मिशीवरून उलटा हात फिरवत असे. प्रेक्षकांना तो अभिनय वाटे.

ज्यांच्यामुळे हे सारे लिहावे लागत आहे, त्या बाई वडशाच्याच. वीस-बावीस हंगाम त्यांना शब्द मी दिला. पुढे पुण्याकडच्या एका दिग्दर्शकाने गडचिरोलीपलीकडच्या जंगलात चित्रपट केला आणि त्यात आईचे काम बाईंना दिले. बाईंनी मला सोबत नेले. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने मला नम्रपणे सांगितले, की येथे एकेक वाक्य घेऊन चित्रण होते, तेव्हा आपली गरज नाही. शिवाय कॅमेऱ्यात आपले ओठ हलताना दिसतात. त्याने चहा पाजला, गाडी दिली आणि घरी पोहोचवले. वडशात याचे रूपांतर ‘शूटिंगवरून हाकलला’ असे झाले. हाकललेल्या माणसाला गाडी देत नाहीत, एवढे सांगून मी पुढे जातो.

त्याच चित्रपटासाठी बाईंना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले. झाडीपट्टीतले आम्ही पन्नासेक जण रेल्वेने चंद्रपूरला गेलो. कार्यक्रम दुपारी चारचा होता. पाहुणे आले तेव्हा सहा वाजत होते. समई पेटेना, कारण थंड हवेचा झोत नेमका तिच्यावरच सोडलेला. तीन मान्यवर तीन मेणबत्त्या घेऊन वातीभोवती वाकले होते आणि निवेदिका त्याच उत्साहाने “तेजाची पूजा” असे तिसऱ्यांदा म्हणत होती. बांबूच्या सुबक मानचिन्हांवरच्या पट्ट्यांचा गोंद ओला राहिल्यामुळे रंगभूषेचे पारितोषिक गीतकाराकडे गेले, आणि मग विजेते मधल्या वाटेत उभे राहून आपापसांत मानचिन्हांची अदलाबदल करू लागले.

दिवंगत कलावंतांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सारे सभागृह उभे राहिले, दिवे मंद झाले, आणि त्या शांततेत दोन्ही बाजूंच्या यंत्रांनी सोनेरी कागदाचा पाऊस पाडला. कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या मिटलेल्या डोळ्यांवर ते चकाकते तुकडे पडत राहिले. हा कोणाचा तरी खोडसाळपणा होता, असे आजही म्हटले जाते. मुळीच नाही. यंत्रावरच्या माणसाला सांगून ठेवले होते, की दिवे उतरले की सोड. दिवे उतरले, त्याने सोडले. त्याने रंगमंचावरच्या माणसांकडे पाहिले असते, तर लोक हात जोडून उभे आहेत, हे त्याला दिसले असते. खुणेची वाट पाहणाऱ्याने माणसाकडे पाहावे, दिव्याकडे नव्हे, असे मी तेव्हा शेजारच्या गृहस्थांना जरा मोठ्यानेच ऐकवले.

त्यानंतर बाईंचे नाव पुकारले गेले.

बाईंचे भाषण मी लिहून दिले होते. आठवडाभर आधी त्यांच्या अंगणात बसून ते पाठही करून घेतले होते. तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, “भाऊ, इतकं शुद्ध बोलली तं लोक म्हनतीन, हे बाई वडशाची हाये का पुण्याची?” मी म्हणालो होतो, “म्हनू द्या. एक दिवस तं म्हनू द्या.” पाठांतर त्यांना कधीच जमले नाही, आमच्या पद्धतीत त्याची गरजही नव्हती. पण मी समोर बसणार होतो. तिसऱ्या रांगेतून माझा शब्द त्यांच्यापर्यंत सहज गेला असता; त्या एका दिवशी पहिल्या रांगेने तो ऐकला तरी चालणार होते.

त्यांनी मानचिन्ह बाजूच्या मेजावर ठेवले. पहिले वाक्य स्वच्छ आले, दुसरेही आले. तिसरे वाक्य त्या बायांविषयी होते, ज्यांनी नाटकात काम करणाऱ्या बाईला गाव नावे ठेवी त्या काळात तोंडाला रंग लावला होता. त्या वाक्यापूर्वी बाई थांबल्या. हनुवटी किंचित थरथरली. डावी पापणी अर्धवट मिटली आणि उघडली. खालच्या ओठावर दात टेकले. इतका देखणा थांबा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी श्वास मोजले; ती माझी सवय आहे. अकरा श्वास झाले. मग बाईंनी हात जोडले आणि त्या उतरून गेल्या. निवेदिका धावत आली आणि म्हणाली, “आनंद शब्दांत मावत नाही, नाही का!” टाळ्या झाल्या. काही जण हसले. आमच्या रांगेतले कोणीही हसले नाही.

आता लोकांच्या आवृत्त्या घेतो.

वर्तमानपत्राने लिहिले, ध्वनिक्षेपक बंद पडला. साफ खोटे. ध्वनिक्षेपक इतका चालू होता, की बाईंच्या बांगड्यांची किणकिण सभागृहभर ऐकू आली. मोबाइलवरच्या चित्रफितीतही ती दोनदा येते. ज्याला कान आहेत त्याने ऐकावे. दुसरी आवृत्ती निवेदिकेची, की बाई भारावल्या. बाईंना मी मेलेल्या मुलाच्या प्रवेशात वीस वर्षे पाहिले आहे. त्या रडतात तेव्हा आवाज अधिक खणखणीत होतो, बंद पडत नाही. बाई तीन मिनिटे मुक्या उभ्या होत्या, हेही असत्य. अकरा श्वासांची तीन मिनिटे होत नाहीत.

तिसरी आवृत्ती वडशाच्या टपरीवरची, आणि तिच्यासाठीच मी लेखणी उचलली आहे. ती अशी, की बाई विसरल्या, म्हाताऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहत राहिल्या, आणि सिनेमावाल्यांनी हाकलल्याचा राग धरून म्हाताऱ्याने शब्द तोंडातच दाबून ठेवला. माझ्यासमोर एकाने चहा ढवळत म्हटले, “भाऊ, तुमच्या तोंडात त्या दिवशी खर्रा होता काय?” तंबाखू-सुपारीचा तो खर्रा तोंडात असला की बोलता येत नाही. टपरी हसली. चाळीस हंगामांत मी नटाला उघडा पाडला नाही. आणि या वयात, माझ्याच माणसाला, भरसभेत? मी उत्तर दिले, की बाई विसरल्या नव्हत्या, थांबल्या होत्या, आणि थांबलेल्या नटीला शब्द देणारा प्रॉम्प्टर गाढव असतो. हेच उत्तर मी पुढे महिनाभर प्रत्येकाला दिले. बांगड्यांचा पुरावाही प्रत्येकाला ऐकवला.

पण दिवाळी जवळ आली आणि आमच्या नाटकमंडळीच्या मालकाचा निरोप आला नाही. एरवी नव्या नाटकाचे हस्तलिखित दसऱ्यालाच माझ्या घरी पोहोचत असे. निरोप का येत नाही, ते मला दुसऱ्याकडून कळले. नटांनी मालकाला सांगितले होते, की ज्याचा भरवसा नाही त्याच्या शब्दावर उभे कसे राहायचे? मी त्यांना दोष देत नाही. ज्याने एकीला सोडले तो दुसऱ्यालाही सोडील, असे मीही म्हटले असते. उरलेले हंगाम मी विंगेत बसणार की ओसरीवर, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर एकाच व्यक्तीच्या तोंडी होते.

मी सकाळी बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मानचिन्ह आत, टीव्हीच्या डोक्यावर, क्रोशाच्या रुमालावर ठेवलेले दिसत होते.

मी म्हणालो, “बाई, मालकाले एक डाव सांगून टाका, का तुमी थांबल्या होत्या म्हून.”

“सांगीन,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“तसं नाई. खरं म्हून सांगा.”

त्यांचे हात थांबले. “खरं म्हून कसं सांगू, भाऊ?”

त्यांनी सूप खाली ठेवले. उजव्या हाताने डाव्या मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या, आणि हात सोडून दिला. बांगड्या घरंगळत पुन्हा मनगटावर आल्या.

ती बाईंची खूण होती. वीस-बावीस हंगामांतली, आम्हा दोघांनाच ठाऊक असलेली. वाद्यांच्या गजरात ती मी नेहमी डोळ्यांनी पाहिली होती. तिचा आवाज कसा असतो, हे मला ठाऊक नव्हते.

“दोनदा केली मी,” बाई म्हणाल्या. “मोबाइलमंदी ऐकू येते. तुमीच तं साऱ्या गावाले ऐकवून राह्यले.”

त्या पुढे म्हणाल्या, “तुमी माह्याकडं पाहूनच नव्हते राह्यले. वर पाहत होते, त्या मोठ्या पडद्याकडं.”

खरे होते. रंगमंचाच्या मागे भिंतभर पडदा होता आणि त्यावर बाईंचा चेहरा घराएवढा दिसत होता. ती हनुवटी, ती पापणी, ते ओठावरचे दात तिसऱ्या रांगेतून कोणाला दिसले असते? मी ते पडद्यावर पाहिले होते, मोबाइलवरची चित्रफीतही त्याच पडद्याची होती, आणि पडद्यावर हात नव्हते. हात खाली, खऱ्या बाईंना होते.

“तुमचा चेहरा पाहत होतो, बाई,” मी म्हणालो. “वाटलं, थांबल्या.”

“चेहरा तं मले येतेच, भाऊ. शब्दच येत नाई. म्हून तं तुमी होते.”

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो. भांडणे मला जमते. त्यांनी सूप पुन्हा उचलले आणि खडा शोधावा तसे तांदळात पाहत म्हणाल्या, “मी मालकाले सांगून ठेवीन, थांबली होती म्हून. कोनाले कळते? हात कोनालेच दिसला नाई. आता जा, ऊन चढून राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. आवाज मोकळा होता. “बाई म्हनते, पॉज होता म्हून. मंग झालं! सोमवारपासून तालीम हाये, भाऊ. या.”

चित्रफीत माझ्या बाजूने होती. बाई माझ्या बाजूने होत्या. महिनाभर मी ज्यासाठी साऱ्या वडशाशी भांडलो, ते एका फोनवर माझ्या हाती आले होते. मी म्हणालो, “पॉज नव्हता. बाई विसरल्या. मले खूण केली. मी पाहिली नाई.”

मालक म्हणाला, “भाऊ, तुमाले कोनी इचारलं होतं काय?” आणि थोड्या वेळाने, खालच्या स्वरात, “आता मले दुसरा मानूस पाहा लागन.”

त्याने पाहिला. गोंडपिपरीचे एक निवृत्त मास्तर. वाचन उत्तम, उच्चार शुद्ध. सोमवारी मी न बोलावता तालमीला गेलो आणि मास्तरांच्या शेजारी पाट ओढून बसलो. राजाचे बोट, खलनायकाची मिशी, बाईंच्या बांगड्या, सारे त्यांना सांगितले. त्यांनी खिशातून पेन काढून विचारले, “हे कुठी लिहून ठेवलं हाये का?” मी सांगितले की नाही, पण आता लिहीन. ते हे लिखाण.

टपरीवाल्यांनी यावरून विजय साजरा करू नये. ध्वनिक्षेपक चालू होता. मला कोणी हाकलले नव्हते. शब्द मी दाबून ठेवला नाही. तो द्यायचा असतो तेव्हा मी भलतीकडे पाहत होतो. ही माझी चूक आहे, तुमची आवृत्ती नव्हे.

त्या सोमवारी तालमीत, दुसऱ्या प्रवेशात, बाई बोलता बोलता थांबल्या. मास्तरांचे डोके पुस्तकात होते. बाईंचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला आणि बांगड्या वर सरकल्या. मला ते वाक्य पुस्तकात दिसत होते. मी मास्तरांच्या गुडघ्यावर बोट टेकवले. त्यांनी वर पाहिले, हात पाहिला, आणि शब्द दिला.

आवाज थोडा मोठा होता. पहिल्या रांगेपर्यंत गेला असता.