बडेबाबूंची पेन्सिल

वीस-बावीस वर्षं सरकारी खुर्ची उबवल्यावर कोणी मला 'वरिष्ठ अधिकारी म्हणून घडवणार' म्हटलं की डोकंच फिरतं. तरीही नागपूरला पाच देशांतल्या अधिकाऱ्यांसोबत दोन आठवडे प्रशिक्षणाला बसावं लागलं. पहिले तीन दिवस मी वहीत फक्त जेवणाच्या सुट्टीची वेळ लिहिली.

चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्या पहिल्या मोठ्या चुकीची शिक्षा कोणी भोगली? केनियाचे गृहस्थ तोवर सगळ्यांना हसवत होते. तेच आता हळूच म्हणाले, "माझ्या ड्रायव्हरने." श्रीलंकेच्या बाई त्यांच्या टायपिस्टबद्दल सांगता सांगता डोळे पुसू लागल्या. देश निराळे, पण शिक्षा भोगणारा सगळीकडे खालच्या खुर्चीतला. माझी पाळी आली तेव्हा मी "आठवत नाही" म्हणालो. साफ खोटं बोललो.

नोकरीच्या सुरुवातीला मौद्याच्या तहसील कचेरीत मी नवाकोरा अधिकारी होतो. आमचे हेडक्लार्क, सगळ्यांचे बडेबाबू, उमरेडच्या विणकर घरातले. माझं काही चुकतंय असं दिसलं की ते फायलीवर बारीक टीप लिहीत, 'साहेब, सातबारा पुन्हा पाहावा.' टीप नेहमी पेन्सिलीने. शाईने लिहिली तर साहेबाची चूक बाबूने काढली हे कायमचं नोंदलं जाई. पेन्सिल खोडली की शहाणपण साहेबाचं. एकदा अशी टीप मी तोऱ्यात खोडली आणि सही ठोकली. एका माणसाची जमीन भलत्याच्याच नावे चढली. पुढे चौकशी लागली. बाबूने सावध का केलं नाही, असं विचारलं गेलं. कागदावर तर काहीच नव्हतं. मी समोरच बसलो होतो, आणि तोंड उघडलं नाही. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांच्या सेवापुस्तकात ठपका बसला. माझी नागपूरला बदली झाली आणि मी सुटलो.

त्या दिवशी वर्गातून निघालो तो थेट नागपुरातच प्रताप नगरला राहणाऱ्या बडेबाबूंच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"या साहेब, या! काहून एवढे वाळले?"

मी उभ्या उभ्याच माफी मागितली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. त्यांनी हात धरून मला बसवलं.

"जाऊ द्या ना साहेब. तुमच्या समोर सारी नोकरी पडली होती, माझी तर संपून राहिली होती. मी तर विसरलो बी."

"खोटं काहून बोलता?" पाणी घेऊन आलेल्या काकू त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "यांच्या निरोपाच्या दिवशी सारे जेवाले बसले, तरी हे फाटकापाशीच उभे. म्हणे, माझे साहेब येऊन राहिले असतील."

निमंत्रण मला मिळालं होतं. शरमेपायी मी गेलो नव्हतो. मला रडू आवरेना.

बडेबाबू काकूंना म्हणाले, "आले ना वं आता. जेवाले वाढ त्याहिले."