उमाजीरावांची जोडचित्रं

उमाजीरावांचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत घोडेस्वार होते, आणि उमाजीराव पोस्टमनला घाबरायचे. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो. ते म्हणायचे, "हळू बोला दिनकरराव, दार उघडं आहे."

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, माधवगंजात घर, बागखात्यात कारकुनी. संस्थान गेलं, त्याचं मध्य भारत राज्य झालं, खातं राहिलं, पगार राहिला; होता नव्हता तो धीर तेवढा गेला. पण या माणसाला एक शौक होता, आणि त्यात तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. महाराजांच्या फुलबागेतल्या इमारतींची जुनी जोडचित्रं. लांबट पुठ्ठ्यावर एकच फोटो शेजारी शेजारी दोनदा. दिसायला सारखेच, पण एक डाव्या डोळ्याचा, दुसरा उजव्याचा. पुठ्ठा दोन भिंगांच्या लाकडी यंत्रात अडकवून डोळे लावले की कारंजं पुढे येतं, कमान मागे सरते, आणि कमानीतून आत चालत जावंसं वाटतं. सरदारांची बिऱ्हाडं पुण्याकडे निघाली तेव्हा त्यांचं सामान खासगी बाजार नावाच्या पेठेत जुनं सामान विकणाऱ्या कबाड्याकडे यायचं. तिथून उमाजीराव एकेक पुठ्ठा रोख पैसे देऊन आणायचे.

घोळ एवढाच, की काही पुठ्ठ्यांच्या पाठीवर संस्थानचा शिक्का होता.

तेव्हा सरकारचं काय आणि महाराजांचं खासगी काय, याच्या याद्या चालल्या होत्या. बाजारात रोज नवी वावडी. अमक्याकडे दरबारी गालिचा निघाला, नोकरी गेली. तमक्याला ठाण्यात बसवलं. उमाजीरावांनी सगळे पुठ्ठे न्हाणीतल्या गार बंबाच्या नळीत कोंबले. सुलोचनावहिनी पाहुण्यांसाठी बंब पेटवायला गेल्या, तेव्हा नवरा असा किंचाळला की शेजारी काठ्या घेऊन आले.

आणि एके दिवशी कचेरीचा चपराशी दारात. साहेबांनी बोलावलंय, ते दो-दो फोटोवाले पुठ्ठे घेऊन या. कबाड्यानं नाव सांगितलं होतं.

उमाजीराव पुठ्ठे आणि यंत्र पिशवीत भरायला लागले. मी भडकलो. विकत घेतलंय की चोरलंय? मी मोर्चे काढणारा माणूस. म्हटलं, मी येतो बरोबर, बघू कोण काय करतं. वाटेत ते दोनदा माघारी फिरले. दोन्ही वेळा दंड धरून वळवलं.

साहेब इंदूरचे, बोलायला गोड. पुठ्ठे कुठून आणले, हे विचारलंसुद्धा नाही. त्यांना फुलबागेतल्या इमारतींची नोंद करायची होती, आणि तीही दोन प्रतींत. राजधान्या दोन; सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. दोन्हीकडे सगळं सारखं हवं, नाहीतर रुसवेफुगवे. साहेब पहिला पुठ्ठा पाहून खूश झाले.

"वाह, हर तस्वीर दो-दो. एक यहाँ, एक इंदौर. बड़े बाबू, कैंची लाइए."

मी तोंड उघडलं, तर उमाजीरावांनी माझ्या पायावर पाय दिला. एक शब्द जास्त झाला की साहेब पुठ्ठा उलटणार, शिक्का दिसणार, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होतं. बड़े बाबूंनी दोन फोटोंच्या मधली रेघ नखानं आखली, कात्री उघडली. पाती पुठ्ठ्याला लागणार, तोच उमाजीरावांनी आपला पंजा त्यावर पसरला. कात्री बोटाशी थांबली. पंजा हलला नाही.

"साहब, काटेंगे तो दोनों मर जाएँगे. एक बार देख लीजिए."

पिशवीतून यंत्र काढून त्यांनी पुढे केलं. साहेबांनी डोळे लावले. मग त्यांनी एक हात पुढे केला आणि हवेतच ती कमान चाचपायला लागले. बड़े बाबू हसू दाबत होते.

"ये तो दो नहीं, एक ही है," साहेब म्हणाले, आणि नको तेच केलं. पुठ्ठा उलटला. शिक्का बघितला. उमाजीरावांनी टेबलाची कड धरली.

साहेब उमाजीरावांवर चिडले नाहीत. अडचण त्यांचीच झाली होती. माल सरकारी दिसतोय, कापता येत नाही, मग पाठवायचा कुठल्या शहरात? ग्वाल्हेरला ठेवला तर इंदूरवाले बोंबलणार. त्यांनी सगळे पुठ्ठे परत पिशवीत घातले.

"ऊपर से हुक्म आने तक आप ही सँभालिए. एक कोना भी मुड़ा, तो जवाब आपको देना होगा."

बाहेर येऊन मी त्यांच्या पाठीत थाप मारली. म्हटलं, जिंकलात. ते म्हणाले, "कसलं जिंकलो? आता त्यांना घर माहीत झालं."

हुक्म आला नाही. पण दाराची कडी वाजली की तो आलाच, असं त्यांनी धरून चालायचं. वहिनी आतून ओरडायच्या, "अहो, दूधवाला आहे." दर उन्हाळ्यात सरकार पेट्या बांधून इंदूरला निघालं की यांना कणकण, हिवाळ्यात परतलं की पुन्हा. पुठ्ठे धुतलेल्या धोतरात गुंडाळलेले. हात कोरडे करून एकेक यंत्रात लावायचे, बघायचे, आणि बघता बघता मान दाराकडे वळायची.

छप्पन्न साली मध्य भारतच मोडला, राजधानी भोपाळला गेली. लश्करात सगळे तोंड पाडून बसले होते. मी मात्र इमरत्या घेऊन उमाजीरावांकडे गेलो. म्हटलं, घ्या तोंड गोड करा, हुक्म देणारं सरकारच संपलं.

त्यांनी इमरती हातात घेतली, खाल्ली नाही. उठून दार लावून आले.

"दिनकरराव, इतके दिवस दोनच शहरं मागणारी होती. आता तीन झाली."