बाईंची हजेरी

बाईंना बरं नाही, हे दुसरीतल्या पोरांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

मी शेजारच्याच वर्गात होतो.

आज वर्ष झालं आमच्या बाईंना जाऊन. सुरगाण्याच्या डोंगरातली दोनशिक्षकी शाळा. बाई मुख्याध्यापिका आणि मी नाशिकरोडहून आलेला नवा मास्तर. स्वतःला फार शहाणा समजणारा.

आल्या आल्या मी आरोग्याचा तक्ता लावला. नखं, दात, केस, हात धुणं. अख्ख्या शाळेची तपासणी करायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. साहेब खूश, मी खूश.

दुसरीतली मंगल रोज म्हणायची, "सर, प्वाट दुखतंय."

ताप नाही, नखं स्वच्छ. दोनदा ओवा दिला. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणालो, "नाटकं पुरे आता."

बाईंनी तिला जवळ घेतलं. "कुठं दुखतं गं? हात ठेव बरं."

तिनं हात गळ्यावर ठेवला.

आईबाप द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेले होते. जीप निघाली तेव्हा पोरगी रडली नव्हती म्हणे.

बाई मला एवढंच म्हणाल्या, "सर, तुमच्या तक्त्यात याला रकाना कुठंय?"

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी हजेरीच बदलली. नाव घेतलं की "हजर" म्हणायचं नाही. "बरं" म्हणायचं, नाहीतर "नाय बरं".

कारण कुणी विचारायचं नाही. ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं मधल्या सुट्टीत बाईंजवळ येऊन बसायचं.

सगळ्यात शेवटी बाई स्वतःचं नाव घ्यायच्या. आणि खरं उत्तर द्यायच्या.

शेवटच्या आठवड्यात त्या रोज "नाय बरं" म्हणत होत्या.

मी व्हरांड्यात रेंज शोधत ऑनलाइन माहिती भरत होतो. विद्यार्थ्यांच्या आरोग्याची. अर्जंट.

छातीचं दुखणं निघालं. नाशिकला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतर मंगल म्हणाली, "बाई रोज सांगत व्हत्या. तुमी फोनात व्हते."

रागानं नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

पोरं बाईंजवळ जाऊन बसायची. बाईंनी कुणाजवळ जाऊन बसायचं, हे मला कधी सुचलंच नाही. शाळेत दुसरं मोठं माणूस मीच तर होतो ना.

आता ती हजेरी मी घेतो. मंगल तिसरीत आलीय, माझ्या वर्गात. वर्षभर स्वतःच्या नावाला मी "बरं" म्हणत आलो.

आज म्हणालो, "नाय बरं."

कुणी काही विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत मंगल खिचडीचं ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून जेवली.

एवढंच करायचं होतं मला, बाई. तुमच्या शेजारी बसून डबा खायचा होता.

राहून गेलं. नमस्कार करतो.