माझ्या दुधीचा लिलाव

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात आमच्या हिने लेकीचं बाळंतपण केलं, चर्चचं महिला मंडळ सांभाळलं. मी गच्चीवर एक दुधी पिकवला. एकच. तरी पिकातला वाटा देवाला वाहायच्या हंगामाच्या सणाला तो नव्या टॉवेलात गुंडाळून मी ऐटीत चर्चमध्ये नेला.

उपासनेनंतर सगळ्यांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. माळशिरसकडची उसाची मोळी लगेच गेली. मग लिलाव पुकारणाऱ्या आजोबांनी माझा दुधी उचलला. "बोला की, लई कवळा हाय!" कुणी बोलेना. शेवटी लाज राखायला मीच मागच्या बाकावरून बोली लावली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक हात वर आला आणि बोली वाढली. आमच्याकडे बायका-पुरुष वेगळे बसतात, मधे जाडजूड खांब, त्यामुळे कोण ते दिसलं नाही. पण आपल्या दुधीला गिऱ्हाईक आलंय म्हटल्यावर मला चेव आला. मी वाढवली, तिकडूनही वाढली. चार-पाच वेळा असं झाल्यावर पाळकसाहेबच हसत उठले.

"काका, आता थांबा. पलीकडे काकूच आहेत!"

सगळं चर्च हसलं. मी खाली घालायची मान उलट ताठ केली.

घरी जाताना सात रस्त्याच्या सिग्नलला मी स्कूटरवरूनच विचारलं, "वर्षभर त्या वेलाला नावं ठेवलीस, आणि आज?"

"नावं मी ठेवीन," मागे दुधी सांभाळत ती म्हणाली. "पण चारचौघांत तुमच्याशिवाय त्याला कुणी विचारू नये, हे मला नसतं बघवलं."